कोल्हापूरच्या राजारामपुरीतला नेट-सेट लाइफ सायन्सचा क्लास: सर नाद खुळा, नोट्सचं मात्र अवघड आहे

चार स्टार देतेय, पाचवा नोट्सनी खाल्ला. नाव लिहीत नाही कारण अजून दोन महिने तिथंच बसायचंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एसी आहे पण रिमोट ऑफिसातल्या मॅडमकडं. फी एकरकमी, हप्ते म्हटलं की चेहरे बदलतात.

पण जड धातू आणि जीन रेग्युलेशनचं, म्हणजे धातूंमुळं जीन कशी चालू-बंद होते त्याचं, ते एक लेक्चर! एमएस्सीला हेच मी तीनदा पाठ केलं आणि तीनदा विसरले. सरांनी बोर्डवर आधी वडापची जीप काढली, सात सीटची. म्हणाले हे मेटॅलोथायोनिन, साठेक अमिनो ॲसिडचं बारकं प्रोटीन पण त्यात वीस सिस्टीन म्हणजे सल्फरवाली अमिनो ॲसिडं, त्यांच्या सल्फरला धरून झिंकचे सात अणू बसलेत. १९५७ साली घोड्याच्या किडनीत पहिल्यांदा सापडलं. आता स्टँडवर एक एजंट उभा आहे, तो एमटीएफ-१, जीन चालू करणारं प्रोटीन, त्याला सहा झिंक फिंगर म्हणजे झिंक धरणारी बोटं, पेशीत मोकळं झिंक वाढलं की ते त्या बोटांत बसतं, मग हा गडी केंद्रकात शिरतो आणि मेटॅलोथायोनिनच्या जीनच्या अलीकडं एमआरई म्हणून डीएनएचे छोटे तुकडे असतात त्यांना धरून ओरडतो, अजून गाड्या सोडा! एमआरईचा गाभा सात अक्षरांचा, टीजीसीआरसीएनसी, त्यात आर म्हणजे ए किंवा जी आणि एन म्हणजे चारातलं कुठलंबी.

खरी मजा कॅडमियमची. हा दांडगा पॅसेंजर, सल्फरला झिंकपेक्षा घट्ट चिकटतो, सीटवरनं झिंकला ढकलून स्वतः बसतो. खाली उतरवलेलं झिंक जातं एजंटकडं आणि एजंट नव्या गाड्या मागवतो. म्हणजे जीन चालू झाली कॅडमियममुळं, पण बटण दाबलं झिंकनंच. टेस्टट्यूबमध्ये एमटीएफ-१ला नुसतं कॅडमियम दिलं तर तो हलत नाही, झिंक भरलेलं मेटॅलोथायोनिन सोबत असलं की मग हलतो. आता जन्मात विसरत नाही बघा.

आमचे काका गुजरीत, सराफांच्या पेठेत, बरीच वर्षं दागिन्यांना केडीएमचा डाख लावायचे. केडीएम म्हणजे कॅडमियमच की, तापवलं की वाफ नाकात. त्यांना घरी ही वडापची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "म्हंजे पोरी, माझ्या गाडीत अजून बसलंय का ते?" मला उत्तर येईना. सरांना विचारलं तर पुढची बॅच दारात उभी असताना जिन्यात थांबून सांगितलं, किडनीतलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं जातात, डॉक्टरांना जुनं काम नीट सांगा आणि लघवीची तपासणी विचारून घ्या. याचे पैसे फीत धरलेले नसतात.

मोठ्या उंदरांची गोष्टपण तिथंच कळली. १९८२ साली पामिटर आणि ब्रिन्स्टर यांच्या टीमनं मेटॅलोथायोनिनचा प्रमोटर, म्हणजे जीनचा स्विच, उंदराकडनं घेतला, त्याला घुशीच्या जातभाईचं म्हणजे रॅटचं ग्रोथ हार्मोन जोडलं. एकवीस पिल्लांपैकी सातांत ते जीन गेलं आणि त्यातली सहा पिल्लं बाकी भावंडांपेक्षा दांडगी वाढली. पाण्यात झिंक देत होते, स्विच चालू ठेवायला.

बॅक्टेरियाचं मात्र सरांनी दहा मिनिटांत गुंडाळलं, तिथं मी नाराज. मेरआर नावाचं त्यांचं प्रोटीन पारा नसतानाही डीएनएवर जाऊन बसलेलंच असतं, पारा आला की तिथला पीळ बदलतो आणि मग जीन सुरू, एवढं भारी प्रकरण आणि घाई कसली?

आता नोट्स. पान पलटलं तर छापलंय, कॅडमियम एमटीएफ-१ला थेट चिकटून त्याला चालू करतं. मॉक टेस्टच्या उत्तरातपण तेच, मी सरांनी शिकवलेलं लिहिलं तर निगेटिव्ह मार्किंग. ऑफिसात गेले तर मॅडम म्हणाल्या, छापलंय तेच फायनल. सरांनी स्वतःच्या पेनानं माझं पान दुरुस्त करून सही केली, पण नव्या बॅचला झेरॉक्स तीच जुनी मिळाली, मी बघितलीय.

लेक्चरसाठी डोळे झाकून जावा. नोट्स विकत घेऊ नका, वही न्या, आणि दहा मिनिटं लवकर पोचा, पंख्याखालची बाकं चारच आहेत.