व्हीईजीएफआर-2 अँटिबॉडी: ब्लॉटसाठी बिनधास्त घ्या

रक्तवाहिन्यांच्या वाढीला लागणाऱ्या व्हीईजीएफआर-2 या प्रथिनासाठी मी ही सशाची मोनोक्लोनल अँटिबॉडी (त्या प्रथिनाला नेमकी चिकटून ते दाखवून देणारी) वापरते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायच्या पद्धतीत, अगदी खूश आहे. हुवेक पेशींच्या (नाळेच्या शिरेच्या आतल्या अस्तरातल्या पेशी) नमुन्यात 230 किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) ठळक बँड, म्हणजे पट्टा, दिसतो, खाली 200 च्या आसपास फिकट दुसरा. तो पाहून घाबरू नका. साखरेच्या साखळ्या पूर्ण न चढलेलं तेच प्रथिन आहे. एसआयआरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणारे छोटे आरएनए) या प्रथिनाचं जनुक दाबलं की दोन्ही बँड विरतात, माझा खरा विश्वास बसला तो तिथे. पॅराफिन सेक्शनवर (मेणात बसवलेल्या ऊतीचे पातळ काप) मात्र बॅकग्राउंड इतकं येतं की केशवाहिन्या शोधत बसावं लागतं. त्या कामाला दुसरी बघा. आणि हो, जेल 6 टक्क्यांचं ठेवा, ट्रान्सफर रात्रभर थंडीत करा. एवढं मोठं प्रथिन घाईने मेम्ब्रेनवर उतरत नाही.