बेळगावातला इंग्रजी लेखनवर्ग: मागं दिलेल्या उदाहरणाकडं परत कसं यायचं

टिळकवाडीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी शनिवारी संध्याकाळी इंग्रजी लेखनाचा एक वर्ग चालतो. राणी चन्नम्मा विद्यापीठात पीएचडी करणारे, व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणारे, खानापूर-निपाणीकडचे मराठी माध्यमातून आलेले शिक्षक अशी मंडळी तिथं असतात. आठपैकी तीन शनिवार एकाच गोष्टीला दिले आहेत: आधी दिलेल्या उदाहरणाचा पुढं पुन्हा उल्लेख इंग्रजीत कसा करायचा. विषय ऐकायला किरकोळ वाटतो. पण क्रियापदं बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी प्रकरण वाचताना गाईड अडखळतात ते बऱ्याचदा इथंच. म्हणून हे परीक्षण त्या तीन शनिवारांपुरतंच.

सुरुवात 'अ' आणि 'द' यांच्यापासून होते. जागा अगदी योग्य निवडली आहे. मराठीत 'निपाणीचा एक तंबाखू उत्पादक' असं एकदा म्हटलं की पुढं 'उत्पादकानं' एवढंच चालून जातं. इंग्रजीत पहिल्या वेळी 'अ फार्मर' आणि दुसऱ्या वेळी 'द फार्मर' लागतं. दुसऱ्या वेळीही 'अ' राहिलं, तर वाचकाला वाटतं हा वेगळाच शेतकरी. पहिल्याच वेळी 'द' आलं, तर हा कोण म्हणून तो मागची पानं उलटत बसतो. वर्गात यासाठी दिलेला सराव फार चांगला आहे. आपल्याच प्रकरणाचं एक पान घ्यायचं, प्रत्येक 'द'ला गोल करायचा आणि तिथून पहिल्या उल्लेखापर्यंत बाण ओढायचा. बाण कुठंच टेकत नसेल तर तो 'द' तपासायचा. 'सूर्य'सारख्या एकमेव गोष्टी आणि 'मलप्रभेचा उगम'सारखे पुढच्या शब्दांनी ठरणारे उल्लेख यांना बाण लागत नाही. हे अपवाद सर आधीच सांगून ठेवतात.

त्यानंतर एकटं 'धिस'. या वर्गातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. टिपणातला उतारा असा आहे: मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळ तिच्यावर धरण आहे, धरणातून कालवे निघतात. पुढचं वाक्य सुरू होतं 'धिस हॅज चेंज्ड' असं. कशानं बदल केला? धरणानं, कालव्यांनी, की या सगळ्या व्यवस्थेनं? लिहिणाऱ्याला ते माहीत असतं म्हणून त्याला खटकत नाही. उपाय साधा आहे, 'धिस'नंतर लगेच नाम ठेवायचं: 'धिस डॅम', 'धिस कनाल नेटवर्क', 'धिस चेंज'. नाम सुचत नसेल तर आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते अजून ठरलेलं नाही, एवढं समजावं. वाक्यांच्या सुरुवातीची सगळी 'धिस' शोधून त्यांच्यापुढं नाम घातलं, तर एवढ्या एका दुरुस्तीनंही प्रकरण बरंच सुधारतं.

'सच' आणि 'धीज' यांतला फरकही नीट उलगडून दाखवतात. 'धीज फार्मर्स' म्हणजे वर सांगितलेले तेच शेतकरी, 'सच फार्मर्स' म्हणजे त्यांच्यासारखे सगळे. तीन शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन निष्कर्षात 'सच' लिहिलं, की दावा नकळत साऱ्या जिल्ह्यावर पसरतो आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्याचा पुरावा मागितला जातो.

एका मुद्द्यावर मात्र वर्गातल्या बऱ्याच जणांना आपली जुनी सवय मोडावी लागते. शाळेत निबंधात पुनरुक्ती हा दोष मानून गुण कापले जातात. त्यामुळं एकाच उदाहरणाला आधी 'केस', मग 'इन्स्टन्स', मग 'इलस्ट्रेशन' म्हणायची खोड लागते. इंग्रजी शास्त्रीय लेखनात शब्द बदलला की वस्तूही बदलली असं वाचक धरतो. इंग्रजी भाषेच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी 1906 मध्येच या हौसेला 'एलिगंट व्हेरिएशन' (शोभेसाठी शब्द बदलणं) म्हणत तिच्यावर टीका केली होती. एकदा 'केस' म्हटलं की शेवटपर्यंत 'केस'च.

'द फॉर्मर' आणि 'द लॅटर' फक्त दोनच गोष्टींसाठी. खानापुरात पाऊस भरपूर, अथणीत कमी, तिथं ते चालतं. त्यात निपाणी आली की 'द लॅटर' चुकलं, 'द लास्ट' लागतं. दोन गोष्टी असल्या तरी गावाचं नाव पुन्हा लिहिलेलं बरं, कारण 'फॉर्मर' कोणता हे बघायला वाचकाला मागं जावं लागतं. 'रिस्पेक्टिव्हली'चंही (अनुक्रमे) तसंच. दोन्ही याद्यांचा क्रम आणि संख्या जुळली पाहिजे. तीन तालुके आणि दोनच आकडे असले, तर तो शब्द वाक्य सावरू शकत नाही.

पुढं क्रमांक. भाषाशास्त्राच्या लेखनात उदाहरणांना (1), (2) असे सलग क्रमांक देतात, जोडीच्या उदाहरणांना (3अ), (3ब). मजकुरात नुसतं 'इन (3अ)' म्हटलं तरी पुरतं. इतर विषयांत 'एक्झाम्पल 3', 'टेबल 2' असं लिहितात, बहुतेक शैलींत पहिलं अक्षर कॅपिटल. क्रमांक असला की त्याआधी 'द' नको. आपल्याकडं 'इन द टेबल 2' सर्रास दिसतं, ते चूक. उलट 'द अबव्ह एक्झाम्पल'मध्ये 'द' हवाच. मात्र तक्ता पुढच्या पानावर सरकला की 'अबव्ह' खोटं ठरतं, तेव्हा क्रमांकच भरवशाचा.

सरकारी कागदांत आणि खरेदीखतात 'सदर', 'उपरोक्त', 'मजकूर' वाचून वाढलेल्या हाताला इंग्रजीत 'द सेड', 'अफोरमेन्शन्ड', 'द सेम' सहज सुचतं. दस्तऐवजात ते शोभतं, प्रबंधात नको. 'आय कलेक्टेड द सेम' ऐवजी 'आय कलेक्टेड देम' किंवा वस्तूचं नाव. यावर सर जेमतेम दहा मिनिटं देतात. सीमाभागात मराठी-कन्नड दस्तऐवजांचं इंग्रजी करणारे किती असतात ते पाहता वेळ वाढवायला हवा. तळटिपांतल्या 'इबिड'वर ('वरच्याच ग्रंथात' या अर्थाचा शब्द) मात्र नको तितका वेळ जातो. ते फक्त लगतच्या आधीच्या टिपेला लागू होतं, मध्ये नवी टीप घुसली की चुकीच्या ग्रंथाकडं बोट दाखवतं. शिकागो शैलीनं (संदर्भ कसे द्यायचे याची एक प्रचलित नियमावली) 2017 च्या सतराव्या आवृत्तीत त्याऐवजी लेखकाचं आडनाव आणि छोटं शीर्षक पसंत केलं आहे. एवढं सांगून पुढं जाता आलं असतं.

सगळ्यात कच्चा भाग संगणकाचा. क्रमांक हातानं टाइप करायला सांगतात. मधे एक उदाहरण वाढलं की पुढचे सगळे क्रमांक आणि त्यांचे उल्लेख चुकतात, आणि ते कळतं बाइंडिंग झाल्यावर. वर्डमध्ये उदाहरणांना आपोआप क्रमांक द्यावेत, तक्त्यांना 'इन्सर्ट कॅप्शन'नं, आणि उल्लेख 'रेफरन्सेस'मधल्या 'क्रॉस-रेफरन्स'मधून घालावा. शेवटी कंट्रोल-ए, मग एफ 9. तळटिपांतले उल्लेख यात येत नाहीत. तळटिपेत कर्सर ठेवून तिथं पुन्हा कंट्रोल-ए आणि एफ 9 करावं लागतं. मूळ उदाहरण काढून टाकलं असेल, तर उल्लेखाच्या जागी 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं छापलं जातं. प्रिंटला देण्याआधी 'एरर' शब्द शोधून पाहावा. लाटेक (वर्डऐवजी मजकूर आज्ञांनी मांडणारी प्रणाली) वापरणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी फाइल दोनदा कंपाइल करावी, एकदाच केली तर क्रमांकाऐवजी दोन प्रश्नचिन्हं उमटतात. दोनदा करूनही ती राहिली तर लेबलचं, म्हणजे उदाहरणाला दिलेल्या खुणेचं, नाव कुठंतरी चुकलेलं असतं.

शिकवणं मराठी, कन्नड आणि इंग्रजी मिसळून चालतं, त्यामुळं कुणी मागं पडत नाही. बॅच मोठी असल्यानं प्रत्येकाचं पूर्ण प्रकरण तपासून मिळत नाही, दोन-तीन पानांवर भागवावं लागतं. तेव्हा नेताना प्रस्तावना नेऊ नये. उदाहरणं आणि तक्ते सगळ्यात दाट आहेत अशी विश्लेषणाची पानं डबल स्पेसमध्ये छापून न्यावीत, बाण ओढायला जागा राहते.