जलचक्राचा संच: पाऊस पडतो, पण मुरत नाही

प्राथमिकच्या मुलांना जलचक्र शिकवायला चार-पाचशे रुपयांत तयार संच मिळतो. पारदर्शक डबा, प्लास्टिकचा डोंगर, बर्फासाठी खळगा असलेलं झाकण, एलईडी दिवा. यातलं झाकण खरंच चांगलं आहे. खळग्याचा तळ तिरका असल्यानं थेंब ओघळून डोंगरावरच पडतात.

दिवा मात्र बिनकामाचा. एलईडीनं पाणी तापत नाही. पुस्तिकेप्रमाणे तो लावून बसलात तर झाकण कोरडंच राहील. त्यापेक्षा मोठ्या माणसानं २०० मिली गरम पाणी, साधारण ६० अंशांचं, ओतावं. दोन चमचे मीठ आणि खाण्याचा निळा रंग ढवळावा, झाकणाच्या कडेनं चिकटपट्टी फिरवावी आणि मग बर्फ ठेवावा. थोड्या वेळात झाकण आतून धुरकट होतं. ती वाफ नव्हे, हे तिथंच सांगा. बाष्प डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते थंड होऊन झालेले बारीक थेंब. एप्रिल-मेच्या जळगाव-भुसावळच्या उन्हात बर्फ टिकत नाही, म्हणून प्रयोग सकाळच्या पहिल्या तासालाच उरका.

"सर, बर्फच गळतोय ना?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. उत्तर म्हणून बर्फ लाल पाण्याचा करा. वर लाल, खाली निळं, आणि मधे पडणारा थेंब बिनरंगी. डबा स्वच्छ असेल तर चाखूही द्या: अळणी लागतो.

संचाची मोठी उणीव म्हणजे भरीव डोंगर. पडलेलं सगळं पाणी थेट तळाच्या निळ्या पाण्यात, म्हणजे समुद्रात जातं. पुस्तिकेतही समुद्र, ढग, नदी, पुन्हा समुद्र, एवढंच. तापी मुलताईला उगम पावून हतनूर, उकाई ही धरणं करत सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे नकाशावर दाखवता येतं. पण रावेर-यावलच्या केळीच्या बागेला पाणी येतं ते विहिरीतून, ट्यूबवेलमधून. ते या डब्यात कुठंच नाही.

ही उणीव घरच्या घरी भरून निघते. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापा. तळाशी चार बोटं खडी, वर वाळू, वर नदीकाठची पोयटा माती. हँडवॉशच्या बाटलीचा पंप कडेला उभा करून नळीचं तोंड खडीपर्यंत न्या. तोंडाला कापड बांधा, नाहीतर वाळूनं पंप अडकतो. हळूहळू पाणी ओतलं की पातळी चढताना बाहेरून दिसते, पंप दाबत गेलं की उतरते. शेजारी दुसरी बाटली निव्वळ काळ्या मातीची ठेवा. ओली झाल्यावर ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचून राहतं. पावसाळ्यात शेतात पाणी का तुंबतं, ते मुलांना तिथंच कळतं.

झाडांचा वाटाही संचात नाही. उन्हातल्या कडुलिंबाच्या डहाळीला पारदर्शक पिशवी घट्ट बांधा, दुपारपर्यंत आत थेंब जमतात.

घेताना दुकानातच झाकण उघडून पाहा. खळग्याचा तळ सपाट असेल तर थेंब जागीच चिकटतात. तो संच घेऊ नका.