मापाची वही आणि बदकाचं ॲप

मी मिरजेत ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन शिलाई मशीन, एक पिकोचं, इस्त्रीचं टेबल आणि काउंटरवर फोन. हा फोन आता कात्रीइतकाच लागतो. बायका गळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, पैसे क्यूआरवर येतात, नवा कट बघायचा तर यूट्यूब. यापलीकडचं मला फारसं कळत नाही, हे धरूनच पुढचं वाचा. डकडकगो नावाचं ॲप सात महिने वापरतेय, त्याबद्दल लिहायचंय. पण ते का घेतलं हे आधी सांगते, नाहीतर मला त्यात काय एवढं आवडलं ते कळायचं नाही.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो. अशाच दिवसांत एक जुनं गिऱ्हाईक रात्री दार ओढून घ्यायच्या वेळेला आलं. ऑपरेशन झालं होतं, एका बाजूचा स्तन काढलेला. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली, तेव्हा असं गिऱ्हाईक मला नवीन नाही. पण ही ओळखीतली. भाचीच्या लग्नात पैठणी नेसायची होती आणि ब्लाउज नीट बसायला हवा होता. "घरातली माणसं सोडून कुणाला माहीत नाही ताई," एवढंच म्हणाली. मी माप घेतलं, वहीत लिहिलं. नाव मात्र घातलं नाही. पैठणीच्या काठाची एक चिंधी टाचणीने पानाला लावून ठेवली.

या वहीबद्दल थोडं सांगते. अर्ध्या गल्लीची मापं त्यात आहेत. कुणाची चौतिसाची चाळीस कधी झाली, कुणी दिवस राहिल्यावर टक्स उसवून नेले, कुणाचा दंड एका वर्षात दोन इंच उतरला, सगळं तारखेसकट. एकदा एक सासूबाई सुनेचं माप मागायला आल्या, तिला न सांगता साडी-ब्लाउज द्यायचा म्हणून. हेतू चांगला होता, तरी मी म्हटलं, तिचा एखादा जुना ब्लाउज आणा, त्यावरून शिवते. वही ड्रॉवरमध्ये असते आणि ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. ज्या बाईकडे मी काम शिकले तिचीही वही अशीच कुलपात असायची.

तर त्या रात्री मी फोन घेऊन बसले. आतून पॅडसाठी कप्पा कसा काढायचा, अस्तर कुठलं घ्यायचं, पॅड खाली सरकू नये म्हणून मुंडा किती वर घ्यायचा. आधी मराठीत शोधलं, मग लेकीला विचारून इंग्रजी शब्द टाकले. चार-पाच साइट बघितल्या, एका ठिकाणी सिलिकॉनच्या पॅडची किंमत बघितली. ब्लाउज सुरेख बसला, तो भाग संपला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दुकानात गर्दी होती. मी फोन एका वहिनींसमोर धरून मागच्या गळ्याची डिझाइनं दाखवत होते. दोन गळे झाले आणि मध्येच जाहिरात: ऑपरेशननंतर वापरायची ब्रा. मी घाईने बोट सरकवलं. आणखी तीन गळे, आणि कॅन्सरचा विमा. वहिनींनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काय ओ ताई, तुम्हाला काही...?" मी नाही म्हटलं. पुढचा प्रश्न तयारच होता. "मग कुणाला?"

लेकीसाठी बघत होते, कॉलेजात प्रोजेक्ट आहे, असं काहीतरी मी ठोकून दिलं. पण त्या दिवशी हातात कात्री धरवेना. वही कुलपात, आणि तीच गोष्ट काउंटरवर उघडी पडलेली.

आमच्या गल्लीत सगळ्यांची खात्री आहे की फोन ऐकतो. मीही तेच म्हणत होते. लेक पुण्याला शिकते, ती सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आई, त्याला ऐकायची गरजच काय? तू स्वतः टाइप करून सांगितलंस की." मग तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. साइट बाहेरून एकाच कंपनीची दिसते, पण आतून तिला दुसऱ्याच कंपन्यांचं अस्तर लावलेलं असतं. एकच अस्तरवाला शंभर दुकानांना अस्तर पुरवतो, म्हणून तुम्ही या दुकानातून त्या दुकानात गेलात हे त्याला बसल्या जागी कळतं. शिवाय अँड्रॉइड फोनला जाहिरातीसाठी एक नंबर दिलेला असतो. मी गिऱ्हाइकाच्या कापडाला बिलाच्या नंबरची चिठ्ठी टाचते ना, तसाच. कापड पिकोला जावो की इस्त्रीला, चिठ्ठी बरोबर असते. ॲप कुठलंही उघडा, तो नंबर तोच. तो पुसता येतो हे मला माहीतच नव्हतं. सेटिंगमध्ये गुगल, त्यात जाहिराती, तिथे नंबर काढून टाकायचा पर्याय आहे. दोन मिनिटांचं काम, पैसे नाहीत, कुठलं ॲपही लागत नाही. माझं पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं करून घ्या.

मी इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या त्या खासगी पानात, शोधलं असतं तर? लेक हसली. ते काळं पान आपल्या घरातल्या माणसांपासून लपवतं. आपण काय बघितलं ते फोनवर राहत नाही, पण समोरच्या साइटला आणि तिच्या अस्तरवाल्यांना आपण दिसतोच. यावरूनच अमेरिकेत २०२० साली गुगलवर खटला झाला होता. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि इन्कॉग्निटोतला अब्जावधी नोंदींचा साठा पुसायचं गुगलने कबूल केलं.

तर डकडकगो. लाल गोलात पांढरं बदक, असं चिन्ह आहे. कंपनी अमेरिकेतली, २००८ पासूनची. ॲप फुकट, खातं उघडावं लागत नाही, नंबर-ईमेल काही विचारत नाही. माझ्या फोनवर सगळं इंग्रजीत दिसतं, पण चित्रांवरून जमतं. मुळात हा ब्राउझर आहे, म्हणजे साइट शोधायचं आणि उघडायचं ॲप. साइट उघडली की तिच्यात शिरलेल्या दुसऱ्या कंपन्या अडवतो आणि कोण अडवलं ते दाखवतो. वर ज्योतीचं चिन्ह आहे. ते दाबलं की फोनभर आग लागल्यासारखं दिसतं आणि उघडलेली पानं, इतिहास, कुकीज (साइटने फोनवर ठेवलेल्या खुणा) सगळं जातं. माझी सासू हे बघायला मुद्दाम मागते, "ती होळी पेटव की." वीजबिलाच्या साइटसारखं काही ठेवायचं असेल तर त्याला आगीतून वगळताही येतं. आता अशा नाजूक कामाचं शोधायचं असलं की मी इथेच शोधते आणि झालं की होळी.

पण माझ्यासाठी खरी चीज दुसरी आहे. सेटिंगमध्ये ॲप ट्रॅकिंग प्रोटेक्शन म्हणून एक बटण आहे, फक्त अँड्रॉइडवर. ते चालू केलं की फोनमधल्या बाकीच्या ॲपांतून बाहेर काय जायला बघतंय ते अडवलं जातं आणि त्याची यादी दिसते. चालू करताना फोन विचारतो, व्हीपीएन जोडू का. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून नेणारा रस्ता, त्यात आपण कुठून आलो ते समोरच्याला दिसत नाही. त्याने मी घाबरले होते, म्हटलं आपलं सगळं आता या बदकाच्या घरून जाणार की काय. तसं नाही. व्हीपीएनचा रस्ता फोनच्या आतच वापरलाय, माहिती त्यांच्या सर्व्हरवर जात नाही असं कंपनी सांगते. वर पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसत राहतं. याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही कुठून बोलताय ते यात लपत नाही, आणि दुसरं व्हीपीएन वापरत असाल तर दोन्ही एका वेळी चालत नाहीत.

पहिल्या रात्री फोन चार्जिंगला लावून झोपले. सकाळी चहा ठेवून यादी उघडली. एकादशी-चतुर्थी बघायला मी पंचांगाचं एक फुकट ॲप घेतलं होतं. रात्रभर मी त्याला हातही लावला नव्हता, आणि त्याच्या नावापुढे सहा कंपन्यांचे २१४ प्रयत्न अडवलेले. कंपनीवर बोट ठेवलं की ती साधारण काय काय गोळा करते ते लिहून येतं. शहर, फोनचा ब्रँड, स्क्रीनचा आकार, बॅटरी किती, जागा किती शिल्लक. पंचांगाला माझी बॅटरी कशाला? लेक म्हणाली, असले बारीकसारीक तपशील एकत्र केले की नाव न घालताही फोन ओळखता येतो. मला पैठणीच्या काठाची चिंधी आठवली. मीही नाव लिहिलं नव्हतं, पण ती चिंधी बघून मला बाई कळतेच.

चहा उतू गेला ते वेगळंच.

आकड्यांनी हबकून जाऊ नका मात्र. एखादा अडवला की तो पुन्हा पुन्हा दार वाजवतो, त्यामुळे प्रयत्न फुगतात. आणि ती तपशिलांची यादी म्हणजे त्या कंपनीची एकूण सवय आहे, त्या रात्री माझ्याच फोनमधून नेमकं काय निघालं होतं त्याचा हा पंचनामा नव्हे. मी आकडा बघत नाही, नावं बघते. शिलाईची मापं काढून देणारं एक ॲप, रिंगटोनचं एक आणि ते पंचांग, अशी तीन काढून टाकली. पंचांग आता भिंतीवर आहे, वर्षाला एकदा पैसे दिले की काम झालं.

आता त्रास. माझ्या बँकेचं ॲप किल्लीचं चिन्ह दिसलं की उघडतच नाही, व्हीपीएन बंद करा म्हणतं. भाडं भरायचं, कापडवाल्याला पैसे पाठवायचे, प्रत्येक वेळी बंद करा, परत चालू करा. विसरलं की दिवसभर बंदच. दुसरं, माझा फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारी ॲपं मारतो. तीन-चार दिवस बदक झोपलेलं आणि मला पत्ता नाही. सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीच्या नियमातून त्याला सूट दिली तेव्हा थांबलं. गेम आणि काही ॲपं तर कंपनीनेच आधीपासून वगळून ठेवलेली असतात, कारण अडवलं की ती बिघडतात. हवं तर आपण एकेक चालू करून बघायचं.

काय होत नाही तेही स्पष्ट सांगते. कर्जाचे फोन थांबत नाहीत, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि ज्या कंपनीचं ॲप, तिने स्वतःसाठी घेतलेली माहिती यात अडत नाही. माझी वही मी वाचणारच, तसं ते. अडतो तो मागच्या दाराने येणारा.

बदकही काही धुतल्या तांदळाचं नाही. २०२२ साली एका संशोधकाने दाखवून दिलं की यांचा ब्राउझर बाकीच्यांना अडवायचा, पण मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना, म्हणजे तिच्या अस्तरवाल्यांना, सोडून द्यायचा. कारण यांचे शोधाचे निकाल बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधसाइटवरून येतात आणि त्या करारातली ती अट होती. बोभाटा झाल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी तेही अडवायला घेतलं. हे वाचून मी ॲप काढणार होते. लेक म्हणाली, पकडले गेले आणि दुरुस्त केलं, तेवढं तरी केलं. मला ते अर्धंच पटलं. पैसे कुठून मिळतात हेही मी विचारून घेतलं, कारण फुकट अस्तर कुणी लावत नाही. तुम्ही आत्ता जो शब्द शोधला त्यावरून जाहिरात दाखवतात. पैठणी शोधली की पैठणीची. काल काय शोधलं ते जमा करून नाही. हे मला चालतं. दुकानाबाहेर पाटी लावायला माझी हरकत नाही.

माझ्याकडे एक वकीलबाई येतात, पांढऱ्या बँडचे ब्लाउज शिवायला. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच एकमताने सांगितलंय. लोकांची माहिती जपायचा कायदा २०२३ ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातलं बरंचसं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत. मी म्हटलं, मॅडम, एवढ्या मुदतीत मी तुमचे ब्लाउज दिले तर तुम्ही याल का परत? हसल्या आणि बाहीचं माप देऊन गेल्या.

पाचपैकी चार देते. एक कापला तो रोजच्या चालू-बंदच्या कटकटीसाठी, आणि त्या २०२२ साठी. ज्यांच्या फोनवर दुसऱ्यांच्या गोष्टी असतात त्यांनी घ्यावंच: शिंपी, पार्लरवाल्या, नर्स, ट्यूशन घेणाऱ्या बाई. आयफोनवाल्यांना ॲपांची ती यादी मिळणार नाही, नुसत्या ब्राउझरवर भागवावं लागेल.

आणि हो, ती बाई गेल्या महिन्यात परत आली होती. आता रोजच्या वापराचे चार सुती ब्लाउज हवेत. मी वही काढली, पैठणीची चिंधी शोधली, आणि तिच्याखाली दुसरी टाचली, निळ्या इरकलीची.