डी-२ सांगून ईएन-३१ गळ्यात मारलं! टूल स्टील घेणाऱ्यांनो, वाचा

१,१५,५९६ रुपये. एवढ्याला गंडवलंय मला, म्हणून आकडा लपवत नाही.

गोव्यात कुंडईला माझं छोटं टूलरूम आहे, डाय-साचे बनवायचं वर्कशॉप. स्टेनलेस पत्र्यातून आकार कापून काढणाऱ्या साच्यासाठी, म्हणजे ब्लँकिंग डायसाठी, डी-२ हे भरपूर क्रोमियमचं टूल स्टील हवं होतं. नेहमीचा व्यापारी किलोला ३४० म्हणाला, ऑनलाइन पोर्टलवरच्या मुंबईच्या एका पार्टीने २८५ सांगितले. जीएसटी बिल, टेस्ट सर्टिफिकेट, सगळं रीतसर. २१२ किलोचे करासकट ७१,२९६ आगाऊ भरले. आता जो तो म्हणतो, स्वस्त बघून भुललास. अहो, भावात एवढा फरक बाजारात रोजचाच! मी काय चोरबाजारात गेलो होतो?

डोकं फिरतं ते त्या ठिणग्या आठवल्या की. ब्लॉकचा कोपरा ग्राइंडरला लावला तर लांब पिवळ्या ठिणग्या, टोकाला फुलबाजीसारख्या तडतडणाऱ्या. आमचा जुना फिटर बोललाही, "शेट, डी-२ असं फुलत नाही." खरंच नाही फुलत. त्यात क्रोमियम ११ ते १३ टक्के, ठिणगी आखूड, तांबूस, मरगळलेली. पण सर्टिफिकेटवर कार्बन १.५२, क्रोमियम ११.८ असं स्वच्छ छापलेलं, आणि गिऱ्हाइकाचा रोज फोन. कागदावर भरवसा ठेवायचाच नाही तर तो मागायचा तरी कशाला? बरं, ब्लॉकवर हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीच्या ज्या ओतीतलं त्या ओतीचा नंबर, पंच केलेला नव्हता, नुसता रंग फासलेला. सर्टिफिकेटवरचा नंबर मालावर नसेल तर तो कागद भजी बांधायला वापरा.

मशिनिंगचे ३४,५०० गेले. मग चोर्ला घाटातून माल बेळगावला, व्हॅक्यूम हार्डनिंगला (निर्वात भट्टीत तापवून नायट्रोजन गॅसच्या झोताने गार करून कडक करायला), त्याचे ९,८००. कडकपणा मागितला ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल मापाने), आला ४१! मी हार्डनिंगवाल्यावरच तोंडसुख घेतलं. त्याने गुपचूप तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतली टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राला, लावला: कार्बन १.०२, क्रोमियम १.४, मॉलिब्डेनम नावाला. ईएन-३१, बेअरिंगचं स्टील! डी-२ हजार अंशांच्या वरून नुसत्या गॅसच्या झोतातही कडक होतं. ईएन-३१ साडेआठशेच्या आत-बाहेर तापवून तेलात बुडवावं लागतं. एवढा जाड ब्लॉक नायट्रोजनने काय कडक होणार? वर जास्त तापल्याने दाणाही जाडा झाला. सगळं भंगारात.

आणि क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या हातातल्या एक्सआरएफ गनवर विसंबणाऱ्यांनो, ती कार्बन दाखवत नाही. डी-३ या दुसऱ्या टूल स्टीलमध्येही क्रोमियम बाराच्या घरात असतं, तेव्हा मॉलिब्डेनम बघा: डी-२ मध्ये ते असतं, डी-३ मध्ये नसतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, "ही दिवाणी बाब, कोर्टात जा." खोटं सर्टिफिकेट देऊन माल खपवणं दिवाणी? फसवणुकीच्या चारशे वीस कलमाचं आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, हे मीच त्यांना सांगायचं! ग्राहक मंचात ऐकलं, व्यवसायासाठी घेतलेला माल आमच्याकडे येत नाही. कर कार्यालयात उत्तर मिळालं, बिल खरं आहे, कर भरलाय, तक्रार कसली? उद्योगांच्या मदत कक्षाने तर कमाल केली: आम्ही विकणाऱ्यांची थकबाकी बघतो, घेणाऱ्यांची नाही. म्हणजे विकणारा गंडला तर दार आहे, घेणारा गंडला तर भिंत.

ऑर्डरवर नुसतं "डी-२" लिहू नका, टक्केवारी लिहा. ब्लॉकचा तुकडा कापून सही करून ठेवा. स्पेक्ट्रो होईपर्यंत निम्मे पैसे खिशात.

वकिलाने नोटिशीचे ३,५०० घेतले. पत्त्यावर कोणी नाही म्हणून नोटीस परत आली. पोर्टलवर मात्र त्यांचं दुकान "व्हेरिफाइड"चा बिल्ला लावून चालू आहे. कालचा भाव २७९.