मसाई मारासाठी व्हॅन की लँड क्रूझर?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सफारीला जायचं तर कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न पडतोच. शेजारच्या टांझानियाला जाणाऱ्यांपुढे तो सहसा येत नाही, तिथे बहुतेक कंपन्या लँड क्रूझरच देतात. केनियाच्या कोटेशनमध्ये मात्र दोन आकडे असतात: एक छत वर होणाऱ्या हायएस व्हॅनचा, दुसरा क्रूझरचा. फरक पाहिला की बोट आपोआप व्हॅनवर जातं.

आणि व्हॅन काही वाईट नाही. नैरोबीहून नारोकमार्गे माराच्या सेकेनानी गेटपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. त्या पाच-सहा तासांत व्हॅनच जास्त सुखाची वाटते. क्रूझरचे मागचे पाटे ताठ, त्यामुळे शेवटच्या ओळीत बसणाऱ्याच्या कंबरेचे हाल होतात. व्हॅनची पायरी खाली असते, गुडघे धरलेल्या आई-बाबांना दिवसातून दहा वेळा चढ-उतार करताना हे जाणवतं. फोटोवाल्यांसाठीही एक गंमत आहे: वाटेच्या कडेला बसलेल्या सिंहाच्या नजरेला नजर भिडवायची तर व्हॅनची खालची खिडकीच बरी, क्रूझरमधून सगळे प्राणी वरून टिपल्यासारखे येतात. फक्त नाकुरू आणि नैवाशा हे तलावच करणार असाल, तर क्रूझरवर पैसे घालवू नका.

मारात गणित बदलतं ते मातीमुळे. ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी कपाशीची जमीन. कोरडी असताना दगड, भिजली की लोणी. टायरच्या नक्षीत चिखल भरला की चाक जागच्या जागी फिरत राहतं. आणि जुलै-ऑगस्टला ‘कोरडा हंगाम’ म्हणत असले तरी दुपारनंतरची सर तिथे नवलाची नाही.

पण व्हॅन चिखलात रुतते हे खरं दुखणं नव्हे. रुतलेली गाडी दुसरी गाडी ओढून काढते, अर्धा तास जातो, संपलं. दुखणं हे की रुतण्याच्या धास्तीने चालक गाडी ओढ्यात घालतच नाही. मारातले झाडीने झाकलेले ओढे, तिथल्या भाषेत लुग्गा, ही बिबट्याची हक्काची जागा. रेडिओवर खबर येते, क्रूझर एकामागून एक वाटेने ओढ्यात उतरून पलीकडे चढतात आणि आपण काठावर दुर्बीण लावून बसतो. वळसा घालून जावं, तर एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्यांचा नियम आहे, म्हणजे पोचल्यावर पुन्हा रांग. यात चालकाचा दोष नाही, गाडीचं पोट खाली आहे. माझ्यापुरता कौल इथेच लागला.

त्यात तिकीट. परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, तेही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्यापुरतंच. चौघांचे तीन दिवसांचे २,४०० डॉलर नुसते गेटवर मोजायचे आणि गाडीत वाचवायचं, हे मला तरी उरफाटं वाटतं. जानेवारी ते जूनमध्ये तिकीट निम्मं असतं, तेव्हा व्हॅनची बाजू थोडी सावरते. पण एप्रिल-मे हे लांब पावसाचे महिने, आणि जूनमध्ये, स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्टचे कळप येण्याआधी, गवत इतकं माजलेलं असतं की खालच्या खिडकीतून चित्त्याचे कानसुद्धा दिसत नाहीत.

बजेट खरंच ताणलेलं असेल, तर एक दिवस कमी करून क्रूझर घ्यावी, असं सुचवेन. दोघंच असाल तर ती महाग पडते हे मान्य. तेव्हा फोर-व्हील ड्राइव्हची व्हॅन मिळते का विचारा, काहींकडे असते. टू-व्हील ड्राइव्हची व्हॅन सहकुटुंब घेऊन ऑगस्टमध्ये जाणं मात्र टाळा.

क्रूझर ठरवताना पुढच्या गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: गाडी फक्त तुमचीच, प्रत्येकाला खिडकी, छत पूर्ण वर होणारं, चालू अवस्थेतला रेडिओ, दोन स्टेपन्या, कॅमेरा चार्ज करायला सॉकेट. सात सीटच्या गाडीत पाचच जण बसा, उरलेल्या दोन सीटवर कॅमेऱ्याच्या बॅगा राहतात. कंबर दुखणाऱ्याला मागच्या चाकावरची ओळ देऊ नका. कॅमेरा टेकवायची बीनबॅग रिकामी न्या आणि नारोकला दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरा. डबा, खाऊ बांधायला मात्र कापडी पिशव्याच, केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१७ पासून बंदी आहे.