मेट्झगर इंजिनाच्या कूलंट नळ्या: पिन की वेल्ड?

पोर्श 911 ची 996 किंवा 997 पिढीतली जीटी3 घ्यायचं मनात असेल, तर गोंदाची भानगड तुमच्या कानावर आलीच असेल. हान्स मेट्झगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे इंजिन 1998 ची ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या 911 जीटी1 च्या घराण्यातलं. त्या काळच्या साध्या 911 ला असलेली आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते गेलं की इंजिनच जातं) धास्ती इथे नाही, म्हणून तर लोक जास्तीचे पैसे मोजतात. पण कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये नळ्यांची टोकं चिकटवून बसवलेली आहेत, आणि गोंदाला वय असतं.

इंजिन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. 8,400 आरपीएमपर्यंत पळवून पिटमध्ये येऊन बंद केलं की आतली उष्णता थोडा वेळ वाढतच राहते. वर्षानुवर्षं हे झालं की गोंद ठिसूळ होतो. मग एखादं टोक आधी पाझरून इशारा देतं, एखादं थेट निखळतं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने कूलंट त्याच टायरवर उडतं. पुढचं सांगायला नको.

उपाय तीन. नव्याने चिकटवणं हा पहिला, त्यावर वेळ घालवत नाही. तेच दुखणं काही वर्षं पुढे ढकलण्यासाठी इंजिन उतरवायचं, हे मला पटत नाही. खरी निवड पिन आणि वेल्ड यांच्यात आहे. मी आधी पिन मारून घेतली, नंतर वेल्ड केलं.

पिनेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. हाउसिंग आणि नळी यांच्यातून आरपार बारीक भोक पाडायचं, आटे पाडून छोटा स्क्रू बसवायचा. इंजिन खाली आलं की बरीचशी टोकं जागेवरच करता येतात. ॲल्युमिनियमचा चुरा आत जाऊ नये म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावणारा कारागीर मिळाला, तर काम नीट होतं. खर्च कमी, गाडीही लवकर हातात. आणि मुख्य म्हणजे नळी निखळत नाही. माझी तीन हंगामांत एकही हलली नाही.

पण पिन नळीला धरून ठेवते, पाणी अडवायचं काम गोंदाचंच राहतं. मला नडलं ते इथेच. दुसऱ्या हंगामात कूलंटची पातळी किंचित उतरायला लागली. आधी टाकीचं झाकण बदललं, कारण संशय तिथेच जातो. फरक पडला नाही. मग रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायला लागलो. सकाळी कधी कोरडा, कधी नाण्याएवढा डाग. शेवटी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा घेऊन खाली शिरलो, तेव्हा एका स्क्रूभोवती पांढरट गुलाबी खपली दिसली. नखाने खरवडली, पुसली. पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच.

तो पाझर तसा मामुली होता, त्याने इंजिन बिघडलं नसतं. पण जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकची एक फेरी 20.8 किलोमीटरची, आणि पर्यटकांसाठी खुल्या वेळेत तेव्हा तिथे मोटरसायकलवालेही असायचे (2025 पासून त्यांना बंदी आहे). कूलंटच्या ओघळाने मी घसरलो असतो, पण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव गेला असता. प्रत्येक फेरीनंतर थांबून वाकायचं, वास घ्यायचा, टॉर्च मारायचा. ज्या गाडीसाठी इतकी वर्षं पैसे साठवले, ती चालवताना अर्धं लक्ष मागे. हे मला सहन होईना.

वेल्डिंगचा त्रास वेगळा. हाउसिंग पूर्ण काढावं लागतं. जुना गोंद कणभर जरी राहिला, तरी तो जळून वेल्डमध्ये सूक्ष्म छिद्रं पडतात. उष्णतेने हाउसिंगची इंजिनावर बसणारी सपाट बाजू वाकू शकते, मग ती मशिनवर पुन्हा सपाट करून घ्या. माझं एक हाउसिंग पहिल्या प्रयत्नात फसलं आणि दुसऱ्यांदा करावं लागलं. एकूण खर्च पिनेच्या दुपटीच्या आसपास गेला, गाडी पाच आठवडे स्टँडवर. पण चांगलं टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात केलेलं बारीक वेल्डिंग) झालं की नळी आणि हाउसिंग एकजीव होतात. गोंद उरतच नाही.

तुमच्या गाडीत गोंद अजून शाबूत असेल, तर पिन मारूनही ती वर्षानुवर्षं कोरडी राहू शकते. तशा गाड्या मी पाहिल्या आहेत. रविवारी सकाळी डोंगरातून फेरी मारून आणणार असाल, तर पिनेला नावं ठेवणार नाही. ट्रॅकवर नेणार असाल, तर मात्र माझं मन वेल्डकडे झुकतं. क्लच बदलायला आला असेल, तर त्याच वेळी हाउसिंग काढून पाठवा, मजुरी बरीच वाचते.

वेल्डर निवडताना आधी ओतीव ॲल्युमिनियमवर केलेलं त्याचं काम बघायला मागा. हाउसिंग परत आलं की लगेच बसवू नका. तोंडं बंद करून आत हवा भरा आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं पाण्यात बुडवा. माझ्या त्या फसलेल्या हाउसिंगचा दोष असाच पकडला: मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक, वेल्डच्या अगदी कडेने.